तिसरा परिच्छेद

"लिफाफा कपाटात आहे बाई, अगदी सुरक्षित. तुम्ही निर्धास्त राहा," रेगे म्हणाले.

"सुरक्षित राहावा म्हणून पाठवला नव्हता, रेगे. वाचावा म्हणून पाठवला होता. काल दुपारी."

"वाचणार कोण? साहेब मुलीच्या साखरपुड्याला गेलेत. येतील गुरुवारी."

"आज मंगळवार आहे!"

"हो ना," रेगे म्हणाले. जणू मी त्यांना वार सांगायलाच आले होते.

"साहेबांचा कार्यभार तुमच्याकडे आहे ना? मग तुम्ही उघडा."

रेग्यांनी टेबलाच्या खणातून पानाचा डबा काढला, उघडला, पुन्हा बंद केला. "लिफाफ्यावर काय लिहिलंय? अतिगोपनीय. खाली साहेबांचं नाव. त्याखाली 'स्वहस्ते उघडावे'. आता माझे हात म्हणजे काही साहेबांचे हात नव्हेत. सहा वर्षं नोकरी राहिलीय माझी." मग त्यांना एकदम सुचलं. "पण आत काय आहे ते तुम्हाला माहीत असेलच की. तोंडी सांगा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण रेगे हे त्या कागदाच्या यादीत नव्हते, आणि यादीबाहेरच्या माणसाला मजकूर सांगितला की माझी नोकरी गेली. शेवटी म्हणाले, "दारूचं आहे."

"अहो, दारूबंदी खात्यात दारूचं नाही तर काय उसाचं असणार?"

"माणसं मरतील, रेगे."

"मग तर साहेबांनीच बघायला हवं," रेगे म्हणाले, आणि त्यांनी पान लावायला घेतलं.

सत्याऐंशी सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. मी तेव्हा जिल्ह्याच्या गुप्तवार्ता शाखेत लिपिक होते. कोणत्या जिल्ह्याच्या ते सांगत नाही. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. शाखा म्हणजे दोन खोल्या, एक टंकयंत्र, एक लोखंडी कपाट आणि निरीक्षक सय्यदसाहेब. बातम्या आणायचं काम हवालदारांचं, अहवाल लिहायचं साहेबांचं आणि तो ज्या त्या कचेरीत वाटायचं माझं. कोणत्या कागदाच्या किती प्रती, कितवी कुणाला, कोणत्या लिफाफ्यात, लाखेवर कोणती मोहोर, हे सगळं मी नऊ वर्षं पाहत होते आणि एकही प्रत कधी हरवली नव्हती. बिवलकरबाईंच्या हातचं वाटप म्हणजे बघायला नको, असं साहेब पाहुण्यांना सांगत. मला त्याचा फार तोरा होता. आता लपवून काय करायचंय?

सोमवारी सकाळी आमचे हवालदार फुलपगार एक बातमी घेऊन आले. जिल्ह्याच्या गावापासून तासाभरावर खैरापूर म्हणून बाजाराचं गाव आहे. तिथे ओढ्याकाठी नाना खोमणे नावाच्या माणसाची चोरटी भट्टी होती. या नानाने रंगाच्या कारखान्यातून चोरीला गेलेलं स्पिरिट स्वस्तात उचललं होतं आणि मंगळवारच्या बाजाराला तेच दारूत मिसळून तो विकणार होता. ते स्पिरिट प्यायचं नव्हे. त्याने माणूस आधी आंधळा होतो आणि मग मरतो. मंगळवारी खैरापुरात खाणीवरचे, उसाच्या फडावरचे चार-पाचशे लोक जमत आणि संध्याकाळी त्यातले निम्मे नानाकडे जात.

साहेबांनी घाईघाईने अहवाल सांगितला, मी टंकला. चार प्रती निघाल्या: दारूबंदीचे अधीक्षक, जिल्हाधिकारी, इस्पितळाचे मोठे डॉक्टर आणि तालुक्याचा फौजदार. नेहमीप्रमाणे साहेबांनी त्यावर 'गोपनीय' लिहिलं. इथे मी तोंड घातलं.

"साहेब, गोपनीय म्हटलं की कुणी ढुंकून बघत नाही. दारूबंदीत आपल्या अहवालांवर चहाचे पेले ठेवतात. अतिगोपनीय करा. मोहोर बघून तरी हबकतील."

साहेबांना मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला निघायचं होतं. जीप बाहेर फुरफुरत होती. ते म्हणाले, "करा," आणि फुलपगारांना घेऊन गेले. जिल्ह्यातला वर्दीतला झाडून सगळा माणूस त्या दोन दिवसांत मंत्र्यांच्या मागे होता. म्हणजे ही अक्कल माझी. दुहेरी लिफाफा माझा, लाख माझी आणि 'स्वहस्ते उघडावे' हे ठसठशीत अक्षरही माझंच.

रेग्यांकडून निघाले ती तडक जिल्हाधिकारी कचेरीत गेले. तिथे चिटणीस दाभाडे. माणूस रेग्यांपेक्षा हुशार, म्हणजे अधिकच अवघड.

"आम्ही बाहेरचा लिफाफा उघडला बाई," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "पण आतल्यावर 'प्रत क्रमांक तीन' आहे. तुमच्या यादीप्रमाणे आमची प्रत दोन."

"तीन इस्पितळाची. दोन्ही पाकिटं हातातच होती, अदलाबदल झाली असेल. मजकूर एकच आहे, दाभाडे."

"तो एकच आहे हे मला कसं कळणार? न उघडता?"

"मग उघडा!"

"दुसऱ्याचं अतिगोपनीय पाकीट मी कसं उघडू? परत न्या, दुरुस्ती पत्र लावा, पुन्हा पाठवा. मी लगेच साहेबांपुढे ठेवतो. लगेच म्हणजे ते मंत्रीमहोदयांना सोडून आले की."

नऊ वर्षांत एक चूक, आणि ती नेमकी त्या दिवशी. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कुणावर? स्वतःवर ओरडायची सोय कचेरीत नसते. तिथल्याच फोनवरून मी इस्पितळ लावलं. मोठे डॉक्टर कुटुंबनियोजनाच्या शिबिराला गेले होते. हेडक्लार्क मोठ्या आनंदाने म्हणाला, "पाकीट मिळालं बाई! पोच तयार आहे, शिपायाबरोबर धाडू का?" मग तालुक्याच्या फौजदाराला लावलं. त्याने बिचाऱ्याने पाकीट उघडलं होतं, वाचलंही होतं.

"पण बाई, माझ्याकडे तीन शिपाई उरलेत, त्यातला एक तापाने पडलाय. आणि भट्टीवर धाड घालायची म्हणजे दारूबंदीवाले सोबत हवेत. त्यांचा माणूस येऊ द्या, मी निघतो."

"त्यांचा माणूस साखरपुड्याला गेलाय."

"मग लेखी आदेश आणा," फौजदार म्हणाला आणि फोन ठेवला.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी आमची व्यवस्था. फरक एवढाच की दळणारी मी होते आणि मला चांगलं दिसत होतं. चारही पाकिटं पोचली होती. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. आणि संध्याकाळी खैरापुरात माणसं मरणार होती. साडेअकरा वाजले होते.

मी शाखेत परतले. कपाट उघडलं. चार प्रती वाटल्या तरी पाचवी, आमच्या दप्तराची प्रत, फायलीत होती. ती काढून चौपदरी घडी केली आणि पिशवीत जेवणाच्या डब्याखाली ठेवली. अतिगोपनीय कागद कचेरीबाहेर नेल्याबद्दल काय शिक्षा आहे ते मला कलमासकट पाठ होतं. तरी नेला. कचेरीला कुलूप लावलं आणि सव्वाबाराची एसटी पकडली.

खैरापूरला उतरले तेव्हा बाजार फुलला होता. मी धावतच चावडी गाठली. तलाठ्याच्या खोलीला कुलूप. पायरीवर एक पन्नाशीचा, काटकुळा माणूस दोरी वळत बसला होता.

"तलाठी कुठे आहेत?"

"तालुक्याला मीटिंग हाय जी. मी कोतवाल. बयाजी शेजवळ." तो उठून उभा राहिला. "काय काम व्हतं?"

"पोलीसपाटलांना बोलवा. ताबडतोब."

तो हलला नाही. डोकं खाजवत म्हणाला, "पाटील म्हंजी नाना खोमण्याचं सख्खं चुलतभाऊ. दारूबिरूचं काय आसंल तर त्यास्नी सांगून उपेग न्हाई."

दारूचं आहे हे याला कसं कळलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला वाटलं, बाईमाणूस तणतणत चावडीवर आलं म्हणजे दुसरं काय असणार! मी पिशवीतून कागद काढला.

"दवंडी तुम्हीच देता ना?"

"व्हय, मीच."

"मग डफडं काढा. मी वाचते तसं बाजारात सांगायचं. नानाच्या भट्टीवर आज जी दारू आहे ती विषारी आहे. प्यायला तो मेला."

बयाजीने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. कागदाच्या डोक्यावर लाल शाईत 'अतिगोपनीय' होतं आणि मी तो बाजारभर पिटायला सांगत होते. हसू यावं असा प्रसंग, पण मला तेव्हा रडू येत होतं.

"बाईसायेब," तो सावकाश म्हणाला, "दर म्हैन्याला कुनी ना कुनी सांगतंय दारू वंगाळ म्हून. लोक हासत्याल."

"हसणार नाहीत. यात सगळं लिहिलंय." मी तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. शनिवारी दुपारी दोन निळी पिंपं आली, आणि भट्टीमागच्या कडब्याच्या गंजीत, पूर्वेच्या अंगाला, पेंढ्या काढून आत ठेवली. "हे सांगायचं. निळी पिंपं, कडब्याची गंजी. कुणाला खोटं वाटलं तर जाऊन बघा म्हणावं."

बयाजीने हातातली दोरी खाली ठेवली. मग त्याने विचारलं, "गंजीचं सुदीक लिवलंय?"

"लिहिलंय."

"कागदावर?"

"तुम्हाला ऐकू येत नाही का? कागदावरच लिहिलंय!"

"न्हाई, म्हंजी... नुसतं इखारी दारू म्हनलं तर न्हाई का चालनार?"

सकाळपासून हेच ऐकत होते. हे नाही का चालणार, ते नाही का चालणार, उद्या नाही का चालणार. रेगे, दाभाडे, तो हेडक्लार्क, तो फौजदार, सगळे मला त्या एका काटकुळ्या माणसात दिसायला लागले.

"नाही चालणार," मी म्हणाले. "कागदावर आहे तसंच सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"बरं," बयाजी म्हणाला. "डफडं घरी हाय. घिऊन येतो."

त्याचं घर चावडीच्या मागेच होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी मागे जाऊन बघते तर हा अंगणात उभा राहून बायकोशी बोलतोय. हळू, निवांत. बायको गाठोडं बांधत होती. दोन मुली, एक दहाची असेल, दुसरी त्याहून लहान, वेणीफणी न करताच पायात चपला सरकवत होत्या. बयाजीने धाकटीला उचललं, खाली ठेवलं, मग मोठीच्या हातात काही नाणी दिली. बाजारासाठी देत असेल, मला वाटलं. तिघी एसटी थांब्याच्या वाटेने गेल्या. हा पुन्हा घरात शिरला, पाणी प्याला, पटका सोडून नव्याने बांधायला लागला.

माझा बांध फुटला. "अहो, वरातीला निघालाय का तुम्ही? तिकडे माणसं मरतील आणि इथे तुमचा पटका चाललाय! तुमच्यासारख्या ढिम्म माणसांपायीच या देशात माणसं मरतात. कळतंय का काही?"

"कळतंय बाईसायेब," तो म्हणाला. पटक्याचं शेवटचं टोक खोचलं, डफडं गळ्यात अडकवलं आणि चालू लागला.

त्याचा आवाज मात्र अंगापेक्षा मोठा होता. बाजाराच्या तोंडाशी त्याने डफड्यावर काडी मारली आणि गलका हळूहळू खाली बसला.

"ऐका हो ऐका! समद्या बाजारकऱ्यांनी ऐका! वढ्याच्या भट्टीवर आज इखारी दारू हाय हो! कारखान्याचं स्पिरिट हाय! पिईल त्याचं डोळं जात्याल, मागनं जीव जाईल! निळी दोन पिपं हायती, कडब्याच्या गंजीत उगवतीकडनं ठिवल्याती! कुनाला खोटं वाटंल त्यानं जाऊन बघावं हो!"

लोक आधी हसलेच. कुणीतरी ओरडलं, "बयाजी, तूच पिऊन आलास का रं?" पण निळी पिंपं आणि गंजी हे शब्द आले आणि हसू थांबलं. चार-पाच जण ओढ्याकडे पळाले. बयाजी पुढच्या कोपऱ्यावर गेला, तिथे तेच सांगितलं. मग गुळाच्या पेठेत, मग जनावरांच्या बाजारात. मी मागोमाग चालत होते आणि कागदावर बोट ठेवून शब्द जुळतात का ते बघत होते. जुळत होते.

पळालेली पोरं परत आली ती ओरडतच, "पिपं हायती! पिपं हायती!" त्याबरोबर बाजार उधळला. कुणी भट्टीकडे धावलं, कुणी आपल्या माणसाला शोधायला. तेवढ्यात मडक्यांच्या दुकानाशी बसलेला एक खाणीवरचा गडी उठला आणि भिंत चाचपत म्हणाला, "मला धुरकट दिसतंय." नानाने सकाळपासूनच विकायला सुरुवात केली होती. असे अकरा जण निघाले. उसाचा एक ट्रक रिकामा करून त्यात त्यांना घातलं आणि मी चालकाशेजारी बसून जिल्ह्याच्या इस्पितळात गेले. तिथल्या हेडक्लार्कने मला बघून पोच पुढे केली. मी ती त्याच्या तोंडावर फेकली. मग मात्र तरुण डॉक्टरांनी धावपळ केली. अकरातला एक जण दगावला, एकाची नजर गेली, नऊ जण नीट वाचले. संध्याकाळी भट्टीवर कुणी गेलं नाही. नाना खोमणे बाजार उधळल्यावर पसार झाला होता.

त्या लिफाफ्यांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. फौजदाराचा आधीच उघडला होता, बाकीचे तीनही उघडले गेले. गुरुवारी, शुक्रवारी, एक तर पुढच्या सोमवारी. चारही पोचपावत्या सह्यांसह आल्या आणि मी त्या क्रमाने लावून ठेवल्या. एकीवर दारूबंदीच्या साहेबांनी स्वहस्ते शेरा मारला होता, 'माहितीबद्दल आभार'.

बुधवारी सकाळी मी कचेरीत बसले होते ती थोडी ताठच. नोकरी जाईल याची भीती होती, पण मनातून वाटत होतं, जाईना का! दहा माणसं जिवंत आहेत. संध्याकाळची तर मोजदादच नाही. इतक्यात फुलपगार बंदोबस्तावरून परत आले. वर्दीवर धूळ तशीच. टोपी टेबलावर ठेवून उभेच राहिले.

"खैरापुरात दवंडी कुणी द्यायला लावली?"

"मी," मी म्हणाले. "दुसरं कोण होतं इथे? तुम्ही सगळे मंत्र्यांना हार घालायला गेला होतात."

"काय सांगितलं दवंडीत?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं. निळी पिंपं, कडब्याची गंजी, उगवतीकडून. फुलपगार खुर्चीवर बसले.

"बाई, तिसरा परिच्छेद आपण कुणालाच वाटत नाही. पाठवलेल्या चार प्रतींत तो होता का?"

"नव्हता. वगळायचाच असतो. साहेब खूण करतात, मी गाळून टंकते."

"का गाळता?"

नऊ वर्षं मी तो परिच्छेद गाळत होते, आणि का ते मी कधी विचारलं नव्हतं. नियम होता म्हणून गाळत होते. माझ्या पिशवीत होती ती दप्तराची प्रत. त्यात तो होता.

"ज्यानं पाहिलं त्याच्याशिवाय दुसऱ्याला ठाऊक नसतं, असं त्यात असतं," फुलपगार म्हणाले. "ती पिंपं गंजीत ठेवताना तिघंच होते तिथे. नाना, नानाचा जावई आणि पिंपं उचलायला बोलावलेला एक माणूस. नानाने त्याला नेहमीसारखं फुकट राबवायला बोलावलं होतं. गावचा नोकर ना तो." मग त्यांनी विचारलं, "दवंडी दिली कुणी?"

"तिथल्या कोतवालाने. असला ढिम्म माणूस मी जन्मात पाहिला नाही, हवालदार. अर्धा तास त्याने नुसता..."

"बयाजीनं?"

"तुम्ही ओळखता त्याला?"

"आठ वर्षं," फुलपगार म्हणाले. "बातमी त्यानंच आणली होती, बाई."

मला आधी ते नीट कळलंच नाही. मी विचारलं, "म्हणजे त्याला ठाऊक होतं?" आणि विचारता विचारता कळलं. गंजीचं सुद्धा लिहिलंय? कागदावर? त्याने दोनदा विचारलं होतं. मी म्हणाले होते, ऐकू येत नाही का.

"कुठे आहे तो?"

"इस्पितळात. काल दिवस मावळायच्या आत गाठलं त्याला नानाच्या माणसांनी."

मी तशीच उठले. इस्पितळाच्या मागच्या वॉर्डात, खिडकीखालच्या खाटेवर बयाजी होता. दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये. एक डोळा सुजून मिटलेला. त्याच वॉर्डात, पलीकडच्या रांगेत कालच्या अकरातले पाच जण सलाइन लावून पडले होते. त्यांना याचं नावही ठाऊक नव्हतं. बायको जमिनीवर बसली होती. मला पाहून तिने पदर डोक्यावर घेतला, उठली नाही.

खाटेला अडकवलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'बैलगाडीवरून पडून'.

"हे काय लिहिलंय? तुम्ही तक्रार द्या. मी साक्ष देईन," मी म्हणाले.

"तक्रार दिली की इचारत्याल, का मारलं म्हून," बयाजी म्हणाला. त्याचे ओठ फाटले होते, शब्द नीट फुटत नव्हते. "मग समदंच कागदावर येतं. हवालदारसायबांचं बी. त्यापरीस ह्ये बरं."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत? चावडीवर दोघंच होतो आपण. एका शब्दाने सांगायचं होतं, की हे मी पाहिलंय, एवढं वगळा."

"हवालदारसायेब म्हनलं व्हतं, माज्याबिगार कुनाला बोलायचं न्हाई. सख्ख्या भावाला बी न्हाई." त्याने मान माझ्याकडे वळवली. "आनि तुमचं बराबरच व्हतं. पिपाचं सांगितलं म्हून लोकांनी इस्वास ठिवला. नुसतं म्हनलो आसतो तर हासून पिली आसती."

मी खाटेजवळ सरकले. म्हणाले, "मी तुम्हाला काय काय बोलले. ढिम्म म्हणाले."

"त्याचं काय मनावर घिऊ नका," बायको पहिल्यांदाच बोलली. तिचं नाव कोंडाबाई, ते मला नंतर कळलं. "ह्यांनी पोरींना मावशीकडं लावून दिलं आदी. यष्टी सुटल्याबिगार डफडं वाजवायचं नव्हतं. म्हून पटका बांधत बसलं व्हतं. मी पोरींना बसवून माघारी आले, तवर डफडं वाजाय लागलं व्हतं..." तिचा राग माझ्यावर होता की नाही, ते तिच्या तोंडावर दिसत नव्हतं, आणि असता तरी मला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"तुम्हाला असं होणार हे ठाऊक होतं," मी बयाजीला म्हणाले. "मग 'नाही' का म्हणाला नाहीत?"

त्याने उघडा डोळाही मिटून घेतला. मला वाटलं, झोप लागली.

"हवालदारसायेब म्हनलं व्हतं, ही बातमी मोठ्या मोठ्या सायबांकडं जानार. चार आफिसात. मी शनिवारपास्नं वाट बघत व्हतो, कोन येतंय म्हून. आयतवार गेला, सोमवार गेला. बाजार भरला तरी कोन न्हाई." त्याने श्वास घेतला. "मंग तुमी आला. यष्टीनं, यकट्या. आता तुमाला बी न्हाई म्हनायचं म्हंजी..."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि रागही. पण तो राग आता कुणाच्या नावावर घालावा हे सुचत नव्हतं.

वॉर्डात चहावाला आला. कोंडाबाईने एक पेला घेतला. मी तो तिच्याकडून घेतला, बशीत थोडा ओतला, फुंकर घातली आणि खाटेवर बसून त्याच्या फाटक्या ओठांना बशी लावली. त्याने घाईने घोट घेतला आणि ठसका लागला.

"सावकाश," मी म्हणाले. "सावकाश प्या. घाई नाही."